लाल कुठून सुरू होतं

चष्मा डोळ्यांवर चढवून पेडल दाबलं की कॅथलॅब पेटायची.

टेबलावर निजवलेल्या प्लॅस्टिकच्या पुतळ्याच्या छातीतून लाल धुरासारखं काहीतरी वर यायचं, टेबलाच्या कडेवरून सांडायचं आणि जवळ उभ्या असलेल्या डॉक्टरच्या पोटापासून गळ्यापर्यंत चढायचं. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण एक पाऊल मागे सरायचाच. वैशाली कंधारकर त्या एका पावलाची वाट बघत उभी असायची.

"आता पाय उचला," ती म्हणायची.

पाय उचलला की सगळं नाहीसं. खोली पुन्हा पांढरी आणि थंड.

"काल तुम्ही याच जागी दोन तास उभे होता. काल हे नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?"

हृदयरोगाचे विशेषज्ञ व्हायला नांदेडच्या गोदातीर हृदयविज्ञान संस्थेत आलेली ती मुलं कमी शिकलेली नव्हती. क्ष-किरणांबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. पण पाठ असणं निराळं.

वैशालीला हे पुरतं माहीत होतं. ती भौतिकशास्त्राची. संस्थेची विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून तिने वीस वर्षं स्लाइड दाखवत शिकवलं होतं. डॉक्टर मागच्या बाकांवर डुलक्या काढत आणि हजेरीची सही करून निघून जात. किरणांचा डोस मोजणारा बिल्ला कपाटातल्या शिशाच्या एप्रनला लटकत राही आणि त्याचा मालक कॅथलॅबमध्ये बिनधास्त काम करत असे. जे दिसत नाही, ज्याचा वास येत नाही, ज्याचा चटका आज नाही तर पंधरा वर्षांनी बसणार, त्याची भीती माणसाला कशी वाटावी?

विभागप्रमुख डॉ. विश्वंभर बिडवई यांच्या डाव्या डोळ्यात पन्नाशीच्या आतच मोतीबिंदू झाला. आजवर सत्तावीस वर्षं रुग्णाच्या उजव्या हाताला उभं राहून काम केलेलं. डावी बाजू कायम किरणांकडे. "डोळ्याचं काय, दुसरा आहे की," असं ते हसत सांगायचे आणि पोरं कौतुकाने ऐकायची. वैशालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग चष्मा आला.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं. कॅथलॅबमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत तार घालताना डॉक्टरला ती तार दिसावी म्हणून पेडल दाबून टेबलाखालच्या नळीतून क्ष-किरण सोडतात. ते रुग्णाच्या छातीतून आरपार जाऊन वरच्या पडद्यावर चित्र उमटवतात. पण सगळेच आरपार जात नाहीत. भिंतीवर पाण्याचा फवारा मारला की शिंतोडे उडतात, तसे काही किरण रुग्णाच्या अंगावर आपटून चहूकडे उडतात. डॉक्टरला लागतात ते हे शिंतोडे. दूर गेलं की ते झपाट्याने विरळ होतात आणि शिशाच्या काचेआड जवळजवळ संपतात. छतात आणि टेबलाच्या पायांत बसवलेले संवेदक हे शिंतोडे मोजत. संगणक रुग्णाच्या देहाची जाडी आणि नळीचा कोन लक्षात घेऊन खोलीतल्या प्रत्येक बिंदूचा हिशोब त्याच क्षणी मांडे आणि चष्म्याच्या भिंगांवर रंगवून दाखवे. कमी असेल तिथे निळं, मध्यम तिथे पिवळं, जास्त तिथे लाल.

लाल कुठून सुरू व्हायचं, हे मात्र यंत्र ठरवत नव्हतं. तो आकडा नियंत्रण कक्षातल्या संगणकात भरावा लागे आणि तो वैशालीने भरला होता. मुद्दाम खालचा. वर्षभर रोज त्या जागी उभं राहिलं तरी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेचा जेमतेम दहावा हिस्सा भरेल, तिथूनच तिने लाल सुरू केलं होतं. पोरं घाबरली पाहिजेत, असं तिला वाटलं होतं.

आणि पोरं घाबरली. दोन वर्षांत शिकाऊ डॉक्टरांचे डोस तिसऱ्या हिश्शावर आले. बाहेरगावच्या संस्था बघायला येऊ लागल्या. चष्मा विशेषज्ञांच्या अभ्यासक्रमात सक्तीचा झाला. शिकणाऱ्याने प्रत्येक केस चष्मा लावूनच करायची, असा नियमच निघाला.

त्याच सुमारास बिडवई सर एकदा तिच्या खोलीत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "कंधारकर बाई, तुमची पोरं भित्री झालीत."

"सावध झालीत सर."

"सावध नाही, भित्री. अवघड केस आली की अर्ध्यातून सोडतात. बायपासला पाठवा म्हणतात. मागच्या वर्षीच्या दुप्पट रुग्ण आपण सर्जनकडे ढकललेत. त्यातल्या निम्म्यांची छाती उघडायची गरज नव्हती."

"त्याचा चष्म्याशी काय संबंध?"

"तुमच्या घरातच विचारा की," सर म्हणाले आणि गेले.

तिच्या घरात तिची मुलगी होती. डॉ. मैथिली, शेवटच्या वर्षाला, तुकडीतली सगळ्यात हुशार. हात इतका हलका की तिने तार घातलेली रुग्णाला कळायची नाही. पण हल्ली स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला तरी ती चटकन दोन पावलं मागे सरायची आणि मग स्वतःशीच हसायची. वैशालीने ते पाहिलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं.

* * *

गयाबाई सोनकांबळेंना दुपारी आणलं. मुदखेडजवळच्या शाळेत त्या पोषण आहार शिजवायच्या. सकाळी भाताचं पातेलं उतरवताना छातीत कळ आली ती थांबलीच नव्हती. अंगाने थोराड बाई, घामाने लुगडं चिंब झालेलं.

"लई जड पडलंय बघा छातीवर," त्या टेबलावर आडव्या होता होता म्हणाल्या.

"मावशी, मी आहे ना. आत्ता मोकळं करते," मैथिली म्हणाली.

बिडवई सर शेजारच्याच कॅथलॅबमध्ये होते, पण त्यांच्या टेबलावरचा रुग्ण सोडून निघण्यासारखी स्थिती नव्हती. बाकीच्यांत मैथिलीच मोठी. सरांनी तिथूनच निरोप दिला, "तू सुरू कर. मी मोकळा झालो की येतो."

वैशाली जाड काचेपलीकडे नियंत्रण कक्षात बसली होती. शेजारी टेक्निशियन इर्शाद. मैथिलीला चष्म्यातून जे दिसत होतं तेच वैशालीसमोरच्या एका पडद्यावर होतं आणि दुसऱ्यावर नुसते आकडे.

पहिलं चित्र आलं आणि इर्शाद "बापरे" म्हणाला. हृदयाची मुख्य वाहिनी फांदी फुटते नेमक्या त्या जागी बंद झाली होती आणि आतला थर चुन्यासारखा कडक. ती जागा नीट दिसायला नळी वाकडी फिरवून थेट डॉक्टरच्या बाजूला आणावी लागते. किरण अंगात शिरतात तीच बाजू डॉक्टरकडे येते, म्हणून सगळ्यात जास्त शिंतोडे त्याच कोनात उडतात. त्यात गयाबाईंचा देह जाड, म्हणून यंत्राने आपोआप किरण वाढवले. छताला टांगलेली शिशाची काच यंत्राच्या हाताला अडत होती. पुरती खाली येईना.

मैथिलीने पेडल दाबलं. पडद्यावर तिच्या आणि रुग्णाच्या मध्ये लाल भिंत उभी राहिली.

तिने पाय उचलला. काच थोडी सरकवली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच भिंत, तिच्या हनुवटीपर्यंत. पाय उचलला.

तार आत सरकवायची तर ती सतत दिसावी लागते. मैथिली निमिषभर पाहायची आणि सोडायची. तेवढ्यात तार भलत्याच फांदीत शिरायची. बाहेर काढायची, पुन्हा निमिषभर, पुन्हा चुकीची फांदी.

"प्रेशर खाली येतंय," आतल्या सिस्टर म्हणाल्या.

वैशालीने माइक ओढला. "मैथिली, पेडल धरून ठेव. हे लाल वाटतं तितकं नाहीये."

"मला दिसतंय ना!" मैथिलीचा आवाज चिरका आला.

"आकडे माझ्यासमोर आहेत. अख्खी केस याच कोनात केलीस तरी तुझ्या नेहमीच्या आठवड्याच्या कामापेक्षा फार जास्त होणार नाही."

"हो. कळतंय मला." मैथिलीने पेडल दाबलं. आणि पाय उचलला. तो तिने उचलला नव्हता. तो आपोआप उचलला गेला होता. दोन वर्षं वैशालीने तो पाय तसाच घडवला होता.

"चष्मा काढ. मी नोंद करते, माझ्या जबाबदारीवर."

"काढला तर काय होणारेय? ते कुठे आहे ते मला माहीत आहे!" मैथिली जवळजवळ रडत होती. "आई, पाय ऐकत नाहीये माझा."

कॅथलॅबमध्ये ती वैशालीला आई म्हणाली, ते पहिल्यांदाच.

"सरांना किती वेळ लागेल?" वैशालीने विचारलं. "सांगता येत नाही," इर्शाद म्हणाला. आतल्या पडद्यावर गयाबाईंच्या हृदयाची रेघ वेडीवाकडी होऊ लागली होती.

वैशालीने समोरच्या संगणकावर रंगांच्या आकड्यांचं पान उघडलं, पासवर्ड घातला आणि लाल जिथून सुरू व्हायचं तो आकडा वर नेला. खूप वर. इर्शाद बघत होता.

"काच थोडी डावीकडे तिरकी कर," ती माइकवर म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आता बघ."

मैथिलीने काच तिरकी केली आणि पेडल दाबलं. तिच्याभोवती सगळीकडे फिकट निळं पसरलं.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिचे खांदे खाली आले. पाय पेडलवर टेकला आणि टेकूनच राहिला. तार वळली, अडली, पुन्हा वळली आणि त्या कडक जागेतून अलगद पलीकडे गेली.

"गेली!" इर्शाद ओरडला.

वैशाली दुसऱ्या पडद्यावरच्या खऱ्या आकड्यांकडे बघत होती. ते चढत होते, पण तिने हिशोब केला होता तसेच. आता फुगा आत जाईल, वाहिनी उघडेल, स्टेंट बसेल, मग मी आकडा खाली आणीन. कुणाचंही वाईट झालेलं नसेल. ती स्वतःला हे सांगत होती.

फुगा फुगवला की काही क्षण वाहिनी पूर्ण बंद होते आणि कळ दुणावते. गयाबाईंनी उसळी मारली. "उठू द्या मला, डॉक्टरीणबाई! जीव चाललाय माझा!"

"मावशी, हलू नका. आलंच, झालंच." फुग्याचा पंप सहायकाच्या हाती देऊन मैथिलीने डावा हात गयाबाईंच्या छातीवर ठेवला आणि त्यांना दाबून धरलं. पाय पेडलवरच होता.

मोठ्या पडद्यावर, धडधडणाऱ्या हृदयाच्या काळ्या सावलीवर, पाच बोटांची हाडं उमटली. एका बोटावर डोस मोजणाऱ्या अंगठीचं कडं.

वैशाली ताडकन उभी राहिली. तो हात शिंतोड्यांत नव्हता, किरणांच्या मुख्य झोतात होता. वर्गात पहिल्या दिवशी पहिलं वाक्य ती तेच शिकवायची की काहीही झालं तरी झोतात हात नाही. जुन्या रंगात तो झोत लालभडक खांबासारखा डोळ्यांत खुपला असता. आता तोही निळसर दिसत होता.

"मैथिली, हात!"

"काय झालं? निळं आहे इथं!"

"हात काढ!"

"सोडलं तर त्या उठतील. इथं काही नाहीये, दिसतंय मला."

"मैथू," वैशालीने माइक दोन्ही हातांनी धरला होता, "तुला दिसतंय ते सोड. मी सांगतेय म्हणून काढ."

हाडं पडद्यावर आणखी काही क्षण तशीच राहिली. मग मैथिलीने हात उचलला. सिस्टरने पुढे होऊन, झोताच्या बाहेरून, गयाबाईंचे खांदे धरले. फुगा पुन्हा फुगला. कडक थर तडकला. आणि बंद पडलेल्या वाहिनीतून टोचलेल्या रंगाची काळी रेघ सरसर खाली उतरत गेली.

* * *

मैथिली एप्रन न काढताच नियंत्रण कक्षात आली. चेहरा घामाने निथळत होता आणि नुसता फुलला होता.

"आई, ती काच! डावीकडे तिरकी केली की त्या कोनातसुद्धा सगळं निळं होतं. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी जागा नीट बघून ठेवलीये. उद्या सगळ्या पोरांना दाखवते. आता कुणी अर्ध्यातून सोडणार नाही."

वैशाली तोपर्यंत बोलायचं की नाही याचा विचार करत होती. त्या वाक्यानंतर विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

"इर्शाद, जरा बाहेर थांबतोस?"

इर्शाद गेला. वैशालीने सांगितलं. आकडा, लाल, निळं, काच, सगळं. मैथिली ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने डावा हात वर धरला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"किती?" तिने विचारलं.

"अंगठीचा आकडा इथे पडद्यावर आलाय. हाताला एरवी तीन महिन्यांत मिळतं तेवढं. मर्यादेच्या खूप आत आहे. त्याने हाताला काही होणार नाही, मैथू."

"हे तू सांगतेस."

"हो."

"मग मी ते कसं खरं मानू?"

वैशालीने आकड्यांचा पडदा तिच्याकडे वळवला.

"मी भीत होते ते तू शिकवलेलं होतं," मैथिली हळू म्हणाली. "मग भ्यायचं थांबवायलाही तूच आलीस. दोन्ही वेळेला मला विचारलं नाहीस. मला काय दिसावं हे तूच ठरवत गेलीस, आणि मी आपली 'मला दिसतंय, मला दिसतंय' म्हणत राहिले."

दार उघडून बिडवई सर आत आले. त्यांना इर्शादकडून सगळं कळलं असावं. ते खुशीत होते.

"कंधारकर बाई, जिंकलंत! त्या बाईचा जीव वाचला. आता असं करा, हे कायमचंच करून टाकू. अवघड केस असली की निळं. तिसरी कॅथलॅब सुरू होतेय, पोरांनी भराभर केसेस उरकल्या पाहिजेत. पोरांना सांगायची गरज नाही."

"आणि पोरं उभी कुठे राहतील सर?"

"मी सत्तावीस वर्षं राहिलो तिथेच. मला काय झालंय?"

त्यांनी विचारलं ते अगदी मनापासून. वैशाली त्यांच्या डाव्या डोळ्यातल्या कृत्रिम भिंगावर चमकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने मैथिलीकडे पाहिलं. मैथिलीही सरांकडेच बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

एका बाईसाठी, काही मिनिटांसाठी, चांगल्या हेतूने हलवलेला आकडा आता कुणीही, कितीही वेळ, कशासाठीही हलवणार होतं. आणि चष्मा लावलेल्याला ते कधीच कळणार नव्हतं.

"नाही सर," वैशाली म्हणाली. "मी आजच कळवतेय."

"काय कळवताय?"

"मी काय केलं ते. नियामक मंडळाला. आणि हा आकडा कुणालाच हलवता येऊ नये अशी सोय करा म्हणून."

"तुमची नोकरी जाईल, बाई. आणि त्या बाईचं काय? तुम्ही हलवला नसता तर ती मेली असती, हे लिहिणार आहात का त्यात?"

"तेही लिहीन. दोन्ही खरं आहे."

* * *

नोकरी गेली नाही. शिकवण्याचा अधिकार मात्र वर्षभरासाठी काढून घेतला. चौकशीला आलेल्या समितीने वैशालीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, की लाल इतक्या खाली ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही, हेच तिचं उत्तर प्रत्येक वेळी होतं. पुढे डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी मिळून नवा आकडा ठरवला. शिकणाऱ्यांना तो कसा ठरला तेही सांगायचं ठरलं. रुग्ण टेबलावर असताना आकड्याला हात लावता येणार नाही, असं कुलूप यंत्रातच बसलं. बिडवई सर तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

मैथिली हॉस्टेलवर राहायला गेली. घरून डबा गेला की परत यायचा धुऊन, सोबत शब्द नाही. संस्थेत समोरासमोर आल्या तर "मॅडम" म्हणून मान लववायची. गयाबाई तपासणीला आल्या तेव्हा तिच्यासाठी करडईची भाजी घेऊन आल्या. त्यांनी तिचा डावा हात हातात घेऊन कपाळाला लावला. वैशालीने ते दुरून पाहिलं.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका सकाळी वैशाली नियंत्रण कक्षात आकडे तपासत बसली होती. आत मैथिलीची केस चालू होती. तोच वाकडा कोन, तशीच अडलेली काच. तिने पेडल दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. वैशालीचा हात माइककडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

मैथिली वळली आणि काचेतून सरळ तिच्याकडे बघून म्हणाली, "कंधारकर मॅडम, आत या."

वैशालीने एप्रन चढवला, गळपट्टा बांधला, चष्मा लावला. इतक्या वर्षांत टेबलावर खरा रुग्ण असताना, किरण चालू असताना ती या दाराच्या आत कधीच थांबली नव्हती. प्लॅस्टिकच्या पुतळ्याजवळही ती मोजून चार हातांवर उभी असायची. आत आली तर टेबलावरचे म्हातारे गृहस्थ तिच्याकडे भेदरून बघत होते. ती मैथिलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सांगा आता," मैथिली रुग्णावरची नजर न काढता म्हणाली. "खरं असेल तेवढंच."

मैथिलीने पेडल क्षणभर दाबलं. वैशालीने पाहिलं.

"तू उभी आहेस तिथे लाल आहे. आणि हे लाल आता खरोखर लाल आहे. हातभर मागे आलीस तर पिवळं."

"मागून तार वळवता येणार नाही."

"नाही येणार."

"मग?"

"मग इथेच. काच जितकी येते तितकी ओढ, चित्र जरा लहान कर, आणि नळीचा कोन थोडा सोडता आला तर बघ. एवढं केलंस तर पिवळ्याच्या जवळ येईल. निळं होणार नाही. किती वेळ थांबायचं ते तुझं तू ठरव."

मैथिलीने काच ओढली. चित्र लहान केलं. कोन किंचित सोडला. एक लांब श्वास घेतला.

"माझ्या मागे उभी राहा, आई. मागे कमी लागतं."

"मागून मला तुझे हात दिसत नाहीत," वैशाली म्हणाली आणि जागची हलली नाही.

मैथिलीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पेडल दाबलं आणि दाबूनच धरलं. टेबलाच्या कडेवरून वर आलेला पिवळा-तांबडा रंग दोघींच्या एप्रनवर एकदमच चढला.